काठीतलं पीक

उपासाच्या खिचडीचा साबुदाणा कुठून येतो, हे नोकरी लागेपर्यंत मला माहीत नव्हतं. मी सांगलीकडच्या ऊसवाल्या घरातला. कामानिमित्त तमिळनाडूतल्या सेलम-नामक्कल पट्ट्यात आलो आणि टॅपिओकाच्या, म्हणजे आपल्याकडे कुणी शाबूकंद तर कुणी कसावा म्हणतं त्या पिकाच्या, बेण्यात गुंतून गेलो. देशातला बहुतेक साबुदाणा याच पट्ट्यात तयार होतो; ‘सेलम सागो’ला २०२३ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण मला साबुदाण्याबद्दल लिहायचं नाही. कंद काढून झाल्यावर बांधावर जी काठी उरते, तिच्याबद्दल लिहायचं आहे. तिच्याकडून जे कळत गेलं ते एका ओळीत कळलं नाही, तेव्हा खालचे आकडे केवळ सोयीसाठी.

१. टॅपिओकाचा कंद मातीत पुरला तर कुजतो, उगवत नाही. बटाटा, आलं, हळद, सुरण या आपल्या ओळखीच्या कंदांच्या अंगावर डोळे असतात, कारण ते मुळात खोडाचेच प्रकार. टॅपिओकाचा कंद म्हणजे निव्वळ फुगलेलं मूळ. त्याला डोळा नाही, त्यामुळे पुढच्या वर्षाशी त्याचं काही नातंही नाही. उपटल्यापासून दोन-तीन दिवसांत तो आतून निळसर-काळा पडू लागतो, म्हणून भरलेल्या गाड्या शेतातून थेट कारखान्याकडे पळतात. तिथे स्टार्चचा ‘पॉइंट’ बघून भाव ठरतो आणि शेतकऱ्याचं अख्खं वर्ष त्या आकड्यावर येऊन थांबतं. खरं तर त्या दिवशी शेतातून दोन पिकं निघालेली असतात. एकाचे पैसे होतात. दुसरं, पुढची सगळी लागवड पोटात घेतलेलं, बांधावर पडून राहतं. त्याच्याकडे बघायला त्या दिवशी कुणाला सवड नसते, आणि मला या पिकातली सगळ्यात मोठी हळहळ आजही हीच वाटते.

२. जे बेणं फुकट मिळतं, त्याची वाढ फार धीमी असते. ज्वारीचा एक दाणा पेरला तर कणसात शेकडो दाणे येतात. टॅपिओकाच्या एका झाडापासून वर्षाला मिळतात साधारण दहा कांड्या. ९० बाय ९० सेंटिमीटरवर लावायचं म्हटलं तर हेक्टरी १२,३४५ झाडं लागतात. आता समजा, एखाद्या चांगल्या नव्या वाणाचं एकच झाड हाती आहे. पहिल्या वर्षी दहा कांड्या, दुसऱ्या वर्षी शंभर, तिसऱ्या वर्षी हजार, चौथ्या वर्षी दहा हजार. चार वर्षं झाली आणि हेक्टर अजून पुरा भरला नाही. संशोधन केंद्रात सिद्ध झालेला वाण शेतकऱ्याच्या रानात पोचायला इतका काळ का लागतो, याचं उत्तर मी बरेच दिवस अहवालांत शोधत होतो. ते या साध्या गुणाकारात होतं. त्यात काठी जड, जागा खाणारी, चार महिनेही न टिकणारी. एकदा विकली की शेतकरी पुढच्या वर्षी स्वतःचीच वापरणार. कुठल्या बियाणे कंपनीला हा धंदा परवडेल? म्हणून शेजारी शेजाऱ्याला काठ्या देतो, भावकी भावकीला देते. या देण्याघेण्यावर एवढं मोठं पीक उभं आहे. त्या उदारपणाबद्दल मला आदर आहे. त्यातून काय काय पसरतं, ते पुढे येईलच.

३. उसाबद्दल जे घरात शिकलो होतो, ते इथे बांधून बाजूला ठेवावं लागलं. उसाचं बेणं आम्ही दहा-अकरा महिन्यांचं, कोवळं घेतो. वरच्या भागाचे डोळे लवकर फुटतात, बुडख्याकडचे रेंगाळतात. टॅपिओकाची काठी आठ-दहा महिन्यांची, पण चांगली पिकलेली हवी, आणि तिचा शेंडा काही कामाचा नाही. वरचा हिरवा भाग लागवडीनंतर उन्हात सुकून जातो. अगदी बुडाचा लाकडासारखा तुकडाही सोडायचा. राहिला मधला भाग, दोन-तीन सेंटिमीटर जाडीचा. त्याचा आडवा छेद घेऊन आतला पांढरा भेंड बघायचा. भेंडाचा व्यास काठीच्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त असेल तर काठी अजून कच्ची आहे. कांडी १५ ते २० सेंटिमीटरची, आठ-दहा डोळ्यांची. मुळं फुटून मातीतून घ्यायला लागेपर्यंत या कांडीला स्वतःच्या शिदोरीवरच जगायचं असतं. ज्या रानात खत कमी पडलं त्या रानातली काठी दिसायला इतर काठ्यांसारखीच, पण पुढच्या वर्षी चांगल्या जमिनीत लावली तरी सुरुवातीला मागे पडते. यंदा खताला हात आखडला तर त्याची वसुली यंदाच्या कंदात होतेच, पण पुढच्या वर्षीही होते. हे मला कुणी सांगितलं नसतं तर डोळ्यांना कधी दिसलं नसतं.

४. कांडी कापणं हे कसबाचं काम आहे. आत्तूरजवळच्या एका शेतात कांड्या पाडणाऱ्या बायकांच्या टोळीत एक वयस्क बाई होत्या. बाकीच्या भराभर काठ्या ओंडक्यावर ठेवून कोयत्यानं तोडत होत्या. या बाई काठी हवेत धरायच्या, कोयत्याचा हलका घाव घालायच्या, काठी जरा फिरवायच्या, दुसरा घाव घालायच्या, आणि कांडी गोल, सपाट, साल न चिरता हातात यायची. मी विचारलं, यात वेळ जास्त जात नाही का? त्या म्हणाल्या, “वेळ जातो. पण ओंडक्यावर तोडलेली कांडी आतून चिरते, आणि चिरलेल्या कांडीत पाणी शिरतं.” मग मातीतून एक जुनं झाड उपटून त्यांनी मला त्याचं बूड दाखवलं. छेद तिरपा होता आणि कंद सगळे एका अंगाला गोळा झालेले.

कारण सरळ आहे. कांडीच्या बुडाशी, कापलेल्या कडेवर आधी एक गाठाळ वलय धरतं आणि बरीचशी मुळं तिथून निघतात. छेद सपाट आणि गोल असेल तर मुळं चहूबाजूंनी सुटतात आणि कंदांना सारखी जागा मिळते. तिरपा असेल तर खालच्या टोकाशी गर्दी होते. हे पुस्तकातही आहे. पण पुस्तकानं मला नियम दिला आणि त्या बाईंनी हात दाखवला. नियम लक्षात राहिला तो हातामुळे. त्यांना मजुरी कांड्यांच्या संख्येवर मिळत होती. म्हणजे नीट कापण्याचा खर्च त्या स्वतःच्या खिशातून करत होत्या. बेण्याच्या चर्चांमध्ये मी अनेक बैठकांना बसलो आहे. कापणाऱ्याच्या मजुरीचा विषय तिथे निघालेला मला आठवत नाही. तो निघायला हवा.

५. कांडीला वर आणि खाली असतं, आणि ते तिला माहीत असतं. पान गळून गेल्यावर जो वण राहतो, त्याच्या वरच्या बाजूला डोळा बसलेला असतो. वण खाली, डोळा वर, अशी कांडी धरायची आणि साधारण पाच सेंटिमीटर मातीत उभी खोचायची. उलटी लावली तरी ती फुटते, कोंब वळून वर येतो, पण पीक कमी येतं. दक्षिण ब्राझीलमध्ये यंत्रानं लावतात तेव्हा कांड्या आडव्या मातीआड करतात. कंद वरच्या थरात धरतात आणि उपटायला सोपे जातात. पश्चिम आफ्रिकेत तिरप्या लावलेल्या दिसतात. प्रत्येक पद्धतीमागे तिथली माती आणि तिथला पाऊस आहे. आपलीच पद्धत खरी, असं म्हणण्याची माझी सवय या पिकानं कमी केली.

६. काढणी आणि लागवड यांच्यामधल्या काळात बेणं जगवणं, हीच अर्धी शेती. कोल्ली डोंगरात कोरडवाहू टॅपिओका आहे. तिथे कंद निघतात तेव्हा पुढचा पाऊस अजून लांब असतो. काठ्या कापायच्या नाहीत, अख्ख्याच ठेवायच्या. झाडाखाली, दाट पण हवा खेळणाऱ्या सावलीत, बुडखा जमिनीला टेकवून, उभ्या. अशा ठेवल्या तर दोन-तीन महिने निघतात. उन्हात आडव्या रचलेल्या ढिगाचं महिन्यातच सरपण होतं. उभ्या काठ्यांना मध्येच वर कोवळे कोंब येतात, खाली पांढरी मुळं सुटतात. ती बघून नवख्या माणसाला आनंद होतो, पण तो काठीतल्या साठ्यातून होणारा खर्च आहे. लावायच्या वेळी दोन्ही टोकं छाटून मधलाच भाग घ्यायचा. काठी जिवंत आहे का, हे बघायला नखानं साल खरवडायची. आत हिरवं दिसलं आणि पांढरा चीक लगेच आला तर काठी चांगली. चीक रेंगाळला तर शंका घ्यावी. खवले कीडही याच मुक्कामात येते. काठीवर राखाडी-पांढरा थर चढतो आणि डोळे सुकतात. एवढी सगळी राखण घरातली म्हातारी माणसं करतात. सकाळ-संध्याकाळ काठ्यांभोवती एक फेरी. शेतीच्या खर्चाच्या हिशेबात या फेरीचा रकाना नसतो.

७. नागवी काठी काहीच सांगत नाही. या पिकातली सगळ्यात अवघड गोष्ट मला हीच वाटते. टॅपिओकावर मोझेक नावाचा विषाणूजन्य रोग पडतो. पानांवर पिवळे-हिरवे चट्टे उमटतात, पानं वाकडी होतात, झाड आखडतं. पूर्व आफ्रिकेत १८९४ साली त्याची पहिली नोंद झाली. विषाणू पांढऱ्या माशीवाटे पसरतो, पण तिच्याहून खात्रीचं वाहन म्हणजे आपण स्वतः लावलेली कांडी. रोगट झाडाची काठी नव्या रानात लावली की रोग पहिल्या पानापासून हजर असतो. रानात उभं राहून हे वाचताही येतं: अगदी पहिल्या पानांपासून चट्टे असतील तर रोग कांडीतून आला, खालची पानं नितळ आणि वरच्या पानांवर चट्टे सुरू झाले असतील तर माशीनं आणला. हे वाचायला शिकल्यावर मी जिथे जिथे बघितलं तिथे बहुतेक झाडांनी कांडीकडेच बोट दाखवलं.

अडचण अशी, की निवड करायची वेळ येते तेव्हा पानं नसतात. काढणीला पानं उतरवली की रोगट आणि निरोगी काठ्या शेजारीशेजारी सारख्याच दिसतात. उलट रोगट झाड बुटकं राहिलं असेल तर त्याचे कंद काट्यावर गेले नाहीत म्हणून काठ्याच तेवढ्या कामाला येतात. कडक उन्हाळ्यात काही झाडांवरची लक्षणं झाकलीही जातात. म्हणून निवड काढणीच्या कितीतरी आधी, झाड पानांनी भरलेलं असताना करावी लागते. निरोगी झाडांना रंगाचा ठिपका किंवा कापडाची चिंधी. एवढंच. औषध नाही, यंत्र नाही. शेतात एक चक्कर आणि चिंध्यांची जुडी.

आणि तरीही हे होत नाही. एका शेतकऱ्याला मी विचारलं तेव्हा तो शांतपणे म्हणाला, “सगळ्यांच्याच शेतात आहे. पीक तर येतंच.” त्याच्या बोलण्यात हट्ट नव्हता. रोगामुळे पाव हिस्सा पीक गेलं तरी ते गेलेलं दिसत नाही. दिसतं ते हाती आलेलं. निरोगी शेत शेजारी उभं असल्याशिवाय तोटा मोजता येत नाही, आणि आजूबाजूला निरोगी शेत उरलेलं नसतं. रोग किती नेऊ शकतो हे युगांडानं १९९० च्या दशकात पाहिलं. तिथे मोझेकची जहाल साथ आली आणि शेतकऱ्यांनी कित्येक भागांत हे पीकच सोडलं. ज्या घरांचं पोट यावर होतं त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. आपल्याकडे कारखान्याला माल कमी पडतो. तिथे ताटात काही उरलं नाही. कांडी निवडण्याच्या गोष्टीला मी इतकं महत्त्व का देतो, असं मला विचारलं जातं, तेव्हा माझ्या मनात हा फरक असतो.

दिलासा आहे, आणि तो खरा आहे. टांझानियातल्या अमानी केंद्रात १९३० च्या दशकात स्टोरी आणि निकोल्स यांनी टॅपिओकाचा संकर त्याच्या एका रानटी, झाडासारख्या वाढणाऱ्या भावंडाशी केला आणि रोगाला तोंड देणारी झाडं मिळवली. आजच्या कित्येक वाणांमध्ये त्या कामाचा वारसा आहे. केरळात तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे १९६३ पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिथून ‘श्री पद्मनाभ’, ‘श्री रक्षा’ असे प्रतिकारक वाण आले. प्रतिकारक झाडाचा एक गुण मला फार आवडतो: त्याच्यात विषाणू शिरला तरी काठीभर पसरतोच असं नाही, आणि त्याच झाडाच्या काही कांड्या स्वच्छ निघतात.

८. वनस्पती दूर गेली की तिचे शत्रू मागे राहतात, आणि कधीतरी पाठोपाठ येतात. टॅपिओका मूळचा ॲमेझॉनच्या दक्षिणेकडचा. पोर्तुगीजांनी तो सोळाव्या शतकात आफ्रिकेत नेला. केरळात त्याला राजाश्रय दिला त्रावणकोरच्या विशाखम तिरुनाळ महाराजांनी, १८८० च्या दशकात. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशचा तांदूळ बंद झाला तेव्हा याच कंदानं तिथली घरं जगवली. इतका सगळा प्रवास काठ्यांच्या मोळ्यांनी झाला. पण १९७० च्या दशकात दक्षिण अमेरिकेतला पिठ्या ढेकूण आफ्रिकेत पोचला आणि त्याला खाणारं तिथे कुणी नव्हतं. हान्स हेरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पॅराग्वेतून एक चिमुकली गांधीलमाशी आणून १९८१ पासून सोडायला सुरुवात केली, आणि खंडभर पीक सावरलं. हाच ढेकूण २०२० साली केरळात त्रिशूरला दिसला. पाठोपाठ आमच्या पट्ट्यात आला, बराचसा काठ्यांबरोबर. शेंडे गुच्छासारखे आवळलेले, पानं गळलेली, अशी रानं मी बघितली आहेत. त्या हंगामात लोक काठी मागायला एकमेकांकडे जाणं टाळायचे, आणि ते बघणं किडीपेक्षा जड गेलं. २०२२ च्या मार्चमध्ये तीच गांधीलमाशी, आफ्रिकेतल्या बेनिनमधून आणलेली, सेलम जिल्ह्यातल्या येत्तापूरच्या संशोधन केंद्रातून सोडली गेली. तिळाएवढ्या त्या जीवानं जे केलं ते फवारणीला जमत नव्हतं.

९. दोन डोळेही पुरतात. आठ-दहा डोळ्यांची कांडी लावायची आणि त्यातले दोनच कोंब ठेवून बाकीचे मोडायचे, ही नेहमीची रीत. बाकीचे डोळे वायाच जातात. श्रीकार्यमच्या संस्थेनं दोन डोळ्यांच्या छोट्या कांड्यांची पद्धत बसवली. शेडनेटखाली वाफ्यात त्या ओळीनं आडव्या लावायच्या, पाणी द्यायचं, तीन-चार आठवड्यांनी रोपं रानात न्यायची. यात शेंड्याचा कोवळा भागही वापरता येतो, कारण सावली आणि पाणी आपण देत असतो. एका झाडापासून वर्षाला दहाऐवजी साठ रोपं. दुसऱ्या मुद्द्यातला गुणाकार इथे बदलतो: तिसऱ्या वर्षीच दोन लाखांच्या पुढे.

पण मला या पद्धतीत आकड्यांहून मोलाची वाटते ती वाफ्यातली नजर. मोकळ्या रानात बारा हजार झाडं कोण निरखणार? वाफ्यात सगळी रोपं चार पावलांत असतात. चट्टा दिसला की रोप उपटायचं, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा बघायचं. या कामाला बसलेल्या मुलींची नजर महिन्याभरात अशी तयार होते, की पान पुरतं उलगडायच्या आत त्या सांगतात. काठी जे लपवते ते वाफा उघड करतो. उसाच्या एक डोळा रोपवाटिका आपल्याकडे गावोगाव आहेत, त्यामुळे सांगलीच्या माणसाला हे समजायला वेळ लागला नाही. कोरडवाहूत मात्र मी आजही लांब कांडीच सुचवतो. लावल्यावर पाऊस पंधरा दिवस दडला तर मोठ्या कांडीजवळ साठा असतो. छोट्या रोपाजवळ नसतो. मोठी कांडी लावतानाही दहा टक्के जादा कांड्या बाजूला दाटीनं लावून ठेवाव्यात, म्हणजे पंधरा-वीस दिवसांत नांग्या भरता येतात.

१०. प्रयोगशाळेतला धडा एवढ्याशा जागेत मावतो. रोगट झाडाच्याही शेंड्याच्या अगदी टोकाशी, अर्ध्या मिलिमीटरहून लहान, असा एक भाग असतो जिथे विषाणू बहुधा पोचलेला नसतो. रोप काही दिवस उबेत वाढवून तो भाग सूक्ष्मदर्शकाखाली काढतात आणि नळीत वाढवतात. त्यातून स्वच्छ रोप मिळू शकतं. कोलंबियातल्या पाल्मिरा इथे जगभरचे सुमारे ६,००० नमुने असे नळ्यांमध्ये जपलेले आहेत. संपलेला वाटणारा वाण परत निरोगी होऊ शकतो, हे कळल्यावर माझा या पिकाकडे बघण्याचा सूर बदलला.

११. बेण्याच्या पद्धती शास्त्रज्ञांनीच शोधल्या असं नाही. पूर्व जावातल्या केदिरी भागात मुकिबात नावाचा एक शेतकरी होता. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यानं टॅपिओकाच्या बुडख्यावर त्याच रानटी, झाडासारख्या भावंडाची फांदी कलम केली. वर मोठा पानोळा, खाली खाण्याजोगे कंद. एकेका झाडाखाली कंदांचा प्रचंड डोलारा येऊ लागला. खड्डे मोठे लागतात, हात जास्त लागतात, म्हणून सगळीकडे ते चालत नाही. पण शास्त्राच्या पुस्तकांत आजही ती पद्धत त्याच्याच नावानं आहे.

१२. काठी एकनिष्ठ असते आणि बी तसं नसतं, आणि दोघांचीही गरज आहे. टॅपिओकाला फळ धरतं. तीन बियांचं बोंड वाळलं की फटकन फुटतं आणि बिया उडतात. प्रत्येक बियेचं रोप वेगळं: एक कडू, एक गोड, एक बुटकं, बरीचशी निकामी. म्हणून लागवडीला बी वापरत नाहीत. पण एकही नवा वाण बियेवाचून झालेला नाही. आमच्या पट्ट्यात ‘एच-२२६’ नावाचा वाण सगळ्यांच्या तोंडी आहे. तो श्रीकार्यमहून १९७१ साली आला. म्हणजे तिथे एका बियेतून एक रोप उगवलं आणि आज सेलम-नामक्कलमध्ये जिथे जिथे एच-२२६ उभा आहे, तिथे तिथे तेच एक झाड तुकड्यातुकड्यांनी उभं आहे. मधल्या सगळ्या वर्षांत ते कुणाच्या तरी सावलीत, कुणाच्या तरी हातात होतं. एका जरी उन्हाळ्यात ती साखळी सगळीकडे एकदम तुटली असती तर ते झाड परत मिळालं नसतं. गयानातले माकुशी लोक दोन्ही सांभाळतात: काठ्या लावतात, आणि रान साफ केल्यावर जुन्या पडलेल्या बियांची जी रोपं आपोआप उगवतात त्यांतली जोमदार उपटत नाहीत. आवडलं तर त्याच्या काठ्या पुढे चालतात. माझ्या शेतकऱ्यांना मी हे सांगितलं तेव्हा एकानं बांधावर उगवलेलं असं एक रोप राखून ठेवलं. कंद बारीक आले. पण त्यानं ते अजून काढलेलं नाही.

१३. मागितलेली काठी नाकारणं मला अजूनही अवघड जातं. कोकणातून, विशेषतः नारळ-सुपारीच्या बागा असलेल्या ओळखीच्या मंडळींकडून, दर वर्षी विचारणा होते: येताना दहा-वीस काठ्या आणा, परसात लावून बघू. बांधावर ढीग पडलेले असतात, रेल्वेत जागा असते, आणि काठी देण्याची इथली रीत मला प्रिय आहे. तरी मी आणत नाही. परसातल्या दहा काठ्यांबरोबर मोझेक जाईल, पिठ्या ढेकूण जाईल, आणि पांढरी माशी कोकणात आधीपासून बसलेली आहे. मी त्यांना सांगतो, दापोलीच्या कृषी विद्यापीठात कंदपिकांवर काम चालतं, तिथे चौकशी करा. किंवा श्रीकार्यमहून प्रतिकारक वाणाची निरोगी रोपं मागवा. पत्रव्यवहार करावा लागतो, हंगाम गाठावा लागतो, थोडे पैसेही पडतात. मंडळी जरा नाराज होतात. त्यातली काही पुढच्या वर्षी रोपं मागवतात आणि फोटो पाठवतात. फोटोत मी आधी सगळ्यात खालची पानं बघतो.